बियांचा हिवाळा

दिवाळी सरते, पहाटे अंगणात सडा घालताना पायाला गारवा लागायला लागतो आणि या सदराकडं एका ठरावीक प्रश्नाचे फोन सुरू होतात. "मॅडम, पाकिटावरचं फूल फार देखणं आहे हो. आपल्याकडं येईल काय?" यंदा हा प्रश्न निपाणीच्या एका भगिनीनं विचारला. पाकीट कोलंबाईनचं होतं. एरवी मी अशा प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथं देऊन टाकते. या वेळी मात्र "पुढच्या लेखात सांगते" म्हणून फोन ठेवला. कारण या कोलंबाईननं आमच्या घरातली दोन वर्षं व्यापली होती, आणि तीही एकदासुद्धा न फुलता. हकीकत थोडी घरगुती आहे. पण या सदराच्या वाचकांपासून लपवावं असं त्यात काही नाही.

माझी थोरली बहीण बऱ्हाणपूरला असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. आपल्या भागात घर मराठी असो नाहीतर कन्नड, थोरली बहीण ती अक्काच. बेळगावची मुलगी थेट मध्य प्रदेशात दिली म्हणून त्या वेळी आमच्या गल्लीत बरीच चर्चा झाली होती. इथून गोवा एक्सप्रेसनं भुसावळ गाठायचं, तिथं गाडी बदलायची, रावेरच्या केळीच्या बागा मागं पडल्या की बऱ्हाणपूर आलं. राज्य बदललं तरी बाजारात मराठी कानावर पडते, त्यामुळं अक्काला परकं वाटलं नाही. तिचं घर तापीच्या राजघाटापासून पायी दहा मिनिटांवर आहे. घाटाच्या पायऱ्या, नदीपात्रातला दगडी हत्ती आणि पलीकडच्या काठाला जैनाबाद. परसात एक कडुनिंब, एक पारिजात, पाच-सहा कुंड्या आणि भिंतीलगत गुलबक्षीची रांग. तीच हो, आपल्या कन्नड शेजारणींची संजे मल्लिगे.

दाजी नोकरीतून निवृत्त झाल्यावर २०१९ च्या मे महिन्यात दोघं हिमाचलला जाऊन आली. जन्मात एकदाच केलेला एवढा लांबचा प्रवास. तिथं उतरले होते त्या हॉटेलच्या आवारात त्यांना हे फूल दिसलं. निळं-पांढरं, बारीक देठावर मान खाली घालून डुलणारं. दाजींना ते इतकं आवडलं, की निघताना बाजारातून त्यांनी बियांचं पाकीट घेतलं. घरी आल्यावर आज लावू, उद्या लावू करत ते राहूनच गेलं. २०२३ च्या उन्हाळ्यात दाजी गेले. त्या दिवाळीला मी अक्काकडं होते. त्यांच्या टेबलाचा खण आवरताना विजेच्या जुन्या बिलांखाली ते पाकीट निघालं. न फोडलेलं.

अक्का ते हातात घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, "हे लावायचं. कसं लावायचं ते तू विचारून सांग. पेपरात लिहितेस ना तू?"

आता मी शिकवते मराठी. झाडांचं माझं ज्ञान आईच्या परसातलं आणि वाचनातलं. म्हणून आधी या फुलाची माहिती काढली, ती वाचकांनाही सांगते.

कोलंबाईनचं शास्त्रीय नाव अक्विलेजिया. लॅटिनमध्ये कोलंबा म्हणजे कबुतर. फूल उलटं धरून पाहिलं तर पाच कबुतरं माना वळवून गोल बसल्यासारखी दिसतात, म्हणून कोलंबाईन. अक्विलेजिया या नावाचा संबंध मात्र गरुडाशी जोडतात. फुलाच्या मागं पाच बाकदार शेपट्या असतात, त्या कुणाला तरी गरुडाच्या नखांसारख्या वाटल्या. एकाच फुलात एकाला पारवा दिसला आणि दुसऱ्याला गरुड! या शेपट्या आतून पोकळ असतात आणि टोकाशी मध असतो. लांब सोंडेचे पतंग आणि अमेरिकेत हमिंगबर्ड हा इवलासा पक्षी तो मध पितात. ज्यांची सोंड तिथवर पोचत नाही असे काही भुंगे शेपटीला बाहेरून भोक पाडून मध पळवतात.

ही सगळी मंडळी उत्तरेकडच्या थंड मुलखातली. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका मिळून सत्तरच्या आसपास प्रजाती आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं निळ्या-पांढऱ्या कोलंबाईनला १८९९ मध्ये राज्यफुलाचा मान दिला आणि १९२५ मध्ये कायदा करून सरकारी जमिनीवरून ती मुळासकट उपटायला बंदी घातली. आपल्या देशातही काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत हिमालयात हिचे रानटी प्रकार आहेत, पण ते अडीच-तीन हजार मीटर उंचीवर. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास. बऱ्हाणपूर तर जेमतेम अडीचशे. इथंच खरं तर उत्तर मिळालं होतं. पण अक्काचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे एक सर आहेत. घरी कन्नड, वर्गात इंग्रजी आणि आमच्याशी मराठी. मी बऱ्हाणपुरातूनच त्यांना फोन लावला. पाकिटावरचं नाव वाचून दाखवल्याबरोबर ते म्हणाले, "इदक्के चळिगाल बेकु, मॅडम." याला हिवाळा पाहिजे. मी म्हटलं, सर, हिवाळाच तर सुरू होतोय. ते हसले. "आपला हिवाळा नव्हे. बर्फाचा."

मग त्यांनी समजावून सांगितलं ते मला फार पटलं. आपल्याकडचा तेरडा घ्या. श्रावण-भाद्रपदात फुलतो, पावसाळा संपता संपता त्याची बोंडं टचकन फुटतात आणि बी मातीत पडतं. ते बी लगेच रुजलं तर पुढं कोरडे आठ महिने, रोप वाळून जाणार. म्हणून ते थांबतं. मृगाचा पाऊस पडला की उठतं. थंड देशातल्या बियांची अडचण उलटी. शरद ऋतूत पडलेलं बी लगेच रुजलं तर कोवळं रोप बर्फात मरणार. म्हणून ते हिवाळाभर झोपून काढतं. ओल्या मातीत काही आठवडे कडक थंडी लागली की त्याला कळतं, हिवाळा होऊन गेला, आता हरकत नाही. आपली बियाणी पावसाची वाट बघतात, त्यांची थंडीची. शिवाय कोलंबाईनच्या बीमधला अंकुर, बी झाडावरून पडतं तेव्हा पुरता वाढलेलाही नसतो. त्याला आत वाढायला वेळ लागतो. म्हणून घाई करून उपयोग नाही.

"फ्रिजमध्ये ठेवा," सर म्हणाले. "चार आठवडे. बी जुनं आहे, तरी थोडं फार रुजेल. पण मॅडम, रुजणं वेगळं आणि फुलणं वेगळं. पहिल्या वर्षी याला नुसती पानं. रोप मोठं झाल्यावर पुन्हा दहा-बारा आठवडे चांगली थंडी मिळाली तर दुसऱ्या वर्षी फूल. आणि मधे एक उन्हाळा आहे. तापीकाठचा उन्हाळा हे रोप काढणार नाही."

मी फोन ठेवला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "काय म्हणाले?"

मी म्हटलं, "फ्रिजमध्ये ठेवायचं म्हणाले. फूल दुसऱ्या वर्षी येतं."

उन्हाळ्याचं बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाकीट फोडलं. मोहरीपेक्षा बारीक, काळं कुळकुळीत, चमकदार बी. मोजलं तर ४३ भरलं. ओल्या वाळूत ते मिसळलं, छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं, पिशवी मिठाईच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि डबा फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागं. बर्फाच्या कप्प्यात नव्हे, खाली. चार-पाच अंश थंडी पुरते. अक्कानं डब्यावर कागद चिकटवून लिहिलं, "खाऊ नये." ते बरोबरच होतं. कोलंबाईनचं बी आणि मूळ विषारी असतं. घरात लहान मुलं असतील तर वाचकांनीही एवढं लक्षात ठेवावं.

मी बेळगावला परतले. १५ डिसेंबरला अक्कानं बी पेरलं. मी फोनवर सांगत होते, ती करत होती. श्रीखंडाच्या पसरट डब्याला खालून भोकं पाडली. एक भाग गाळलेली माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. माती आधी ओली करून सपाट केली आणि बी वर नुसतं पसरून बोटानं हलकं दाबलं. वर माती घातली नाही, कारण या बीला रुजायला उजेड लागतो. आपल्या बायकांचा हात इथंच चुकतो. पेरलं की झाकायचं ही सवय. पाणीही वरून ओतायचं नाही, बी वाहून जातं. परातीत दोन बोटं पाणी घेऊन डबा त्यात थोडा वेळ ठेवायचा, माती खालून ओल ओढून घेते.

त्यानंतर रोज संध्याकाळी सातला अक्काचा फोन. दाजी गेल्यापासून तिचे फोन कमी झाले होते. आला तरी "जेवलीस काय, बरं आहे ना" एवढ्यावर संपायचा. आता बोलायला विषय होता. "आज बारावा दिवस. काही नाही." "आज अठरावा. हिरवं दिसलं म्हणून चष्मा लावून बघितलं, शेवाळ निघालं." ९ जानेवारीला सकाळीच फोन आला. पंचविसाव्या दिवशी एक मोड वर आला होता. महिना संपेपर्यंत आणखी दोन. त्रेचाळिसातले तीन. साडेचार वर्षं जुन्या बीला हे काही कमी नव्हे. आधी दोन बारकी गोल पानं, मग खरी पानं, तीन भागांची, कडेला कातरल्यासारखी. "कोथिंबिरीसारखं दिसतंय की गं," अक्का म्हणाली. तिचा आवाज मी कितीतरी दिवसांनी तसा ऐकला.

आणि मग भाच्याचा फोन आला.

भाचा पुण्यात नोकरी करतो. दाजी गेल्यावर त्याच्या मनात आईला पुण्याला न्यायचं होतं. घर विकायचं, फ्लॅटमध्ये एक खोली आईची. त्याचंही चुकीचं नव्हतं. बासष्ट वर्षांची बाई, रक्तदाबाची गोळी चालू, घरात एकटी. रात्री काही झालं तर पुण्याहून निघून पोचायला दुसरा दिवस उजाडणार. दिवाळीपर्यंत अक्का "बघू" म्हणत होती. आता तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "दुसऱ्या वर्षी फूल येतं. तोवर मी हलणार नाही."

"मावशी," भाचा म्हणाला, "तू तिला दोन वर्षांचं कारण काढून दिलंस. आणि तुला ठाऊक आहे, हे फूल तिथं येणार नाही. मी वाचलंय."

मला उत्तर सुचलं नाही. कारण ठाऊक होतंच. खोटं मी बोलले नव्हते. अर्धं सांगितलं होतं. शिक्षकाला यातला फरक चांगला कळतो. विद्यार्थ्यानं अर्धं उत्तर लिहिलं तर आपण अर्धे गुण कापतो.

त्या रात्री मी हे सासूबाईंना सांगितलं. आमच्या सासूबाई पक्क्या कन्नड. बऱ्हाणपूर त्यांनी पाहिलेलं नाही, पण अक्काची चौकशी रोज करतात. शांतपणे ऐकून म्हणाल्या, "हूवु बरलिल्ल अंद्र बिडु. गिड बंतल्ल." फूल आलं नाही तर राहू दे. रोप तर आलं ना! त्यांना ते सहज वाटलं. मला मात्र भाच्याचं बोलणं डाचत राहिलं.

फेब्रुवारीत एक रोप गेलं. पाणी जास्त झालं, बुडाशी देठ कुजला आणि रोपानं मान टाकली. उरलेल्या दोघांना अक्कानं खोल कुंड्यांत हलवलं. या झाडाचं मूळ सरळ खोल जातं, ते दुखावलं तर झाड सहन करत नाही. म्हणून तिनं मातीच्या गोळ्यासकट उचललं. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं तशी कुंड्या कडुनिंबाखाली आल्या. एप्रिलमध्ये कडुनिंबाखालून ओसरीत, पाण्याच्या माठाशेजारी. भोवती ओलं गोणपाट. पारा ४३ वर गेला आणि दुसरं रोप दोन दिवसांत करपलं. परीक्षेचं काम संपवून मी मे महिन्यात बऱ्हाणपूरला पोचले, तेव्हा तिसऱ्याची चार पानं हिरवी होती. आठवड्यानं तीही गेली. अक्का काही बोलली नाही. कुंडीतली माती तिनं गुलबक्षीच्या वाफ्यात ओतली आणि कुंडी धुऊन पालथी घातली.

संध्याकाळी आम्ही दोघी राजघाटावर जाऊन बसलो. तापी मे महिन्यात रोडावलेली असते. दगडी हत्ती उघडा पडला होता. मी एकदाचं बोलून टाकलं. "अक्का, मला आधीच ठाऊक होतं गं. सरांनी सांगितलं होतं. मी तुला बोलले नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. "मला वाचता येत नाही होय गं? पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलंय, पहाडी इलाकों के लिए. चाळीस वर्षं हिंदी मुलखात आहे मी."

"मग लावलंस कशाला?"

"त्यांनी आणलं होतं. खणात ठेवून तरी काय करू? आणि फ्रिज उघडला की डबा दिसायचा. सकाळी उठायला कारण होतं."

पलीकडच्या काठावर जैनाबादकडं दिवे लागत होते. तिथल्या आहुखान्याच्या बागेत मुमताजमहलला आधी दफन केलं होतं. १६३१ च्या जूनमध्ये ती बऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिला आग्र्याला नेलं. बऱ्हाणपूरची माणसं ही गोष्ट पाहुण्याला हमखास सांगतात. अक्का त्या दिशेला बघत म्हणाली, "तिला कुठं राहायचं होतं, कोण विचारणार? मला मात्र विचारताय, एवढं बरं आहे. पोराला सांग, आई विचार करतेय म्हणून. पण घाई करू नको म्हणावं."

इथवर वाचून निपाणीच्या भगिनी म्हणतील, म्हणजे उत्तर "नाही" असंच ना? थोडं थांबा. पुढचा भाग तुमच्या जास्त कामाचा आहे.

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कोलंबाईनसाठी एवढं करताय, तर तिच्या चुलत बहिणी का लावत नाही? त्या आपल्या घरातच आहेत." कोलंबाईन ज्या कुळातली त्याच कुळातली आपली मोरवेल. सह्याद्रीच्या डोंगरउतारावर पावसाळ्यानंतर निळी फुलं येणारी निळवंतीही त्यातलीच, तिच्या फुलालाही मागं तशीच शेपटी असते. ती रानातच बघावी, उपटून आणू नये. ती फक्त पश्चिम घाटातच सापडते. बागेत लावायची तर तिची परदेशी बहीण लार्कस्पर आहे, तिचं बी सगळीकडं मिळतं. आणि या कुळातली सगळ्यात जवळची बहीण स्वयंपाकघरात, कलौंजी.

पुष्कळ बायका कलौंजीला कांद्याचं बी समजतात. दिसतं तसंच, पण कांद्याशी तिचं काही नातं नाही. आपल्याकडं लोणच्यात मोहरी आणि मेथी. उत्तरेकडं त्यात कलौंजी पडते. अक्का सांगते, लग्न होऊन गेली तेव्हा सासूच्या मसाल्याच्या डब्यात तिनं ती पहिल्यांदा पाहिली आणि लोणच्यात खडे आले म्हणून निवडायला बसली होती. सासू हसून हसून बेजार. तीच कलौंजी तिनं २०२४ च्या दिवाळीनंतर त्या धुतलेल्या कुंड्यांत पेरली. डब्यातलीच, चिमूटभर. हिला फ्रिज नको, बर्फ नको. अर्धा सेंटिमीटर माती वर, बेतानं पाणी आणि भरपूर ऊन. दोनेक आठवड्यांत रुजते. पानं शेपूसारखी बारीक. जानेवारी सरता सरता फुलं आली, पांढरट निळी, पाच पाकळ्यांची. मार्चमध्ये बोंडं वाळली आणि उन्हाळा तापायच्या आत झाडाचं काम संपलं.

यातली मेख ही आहे. कोलंबाईन बहुवर्षायू, दोन हिवाळ्यांमध्ये तिला एक उन्हाळा काढावाच लागतो आणि तिथं ती आपल्याकडं मरते. कलौंजी, लार्कस्पर, फ्लॉक्स, पॉपी ही एका हिवाळ्याची झाडं. कार्तिकात पेरा, शिमग्याच्या आसपास बी धरा. आपला हिवाळा लहान आणि सौम्य आहे, पण त्यांना तेवढा पुरतो. आपल्या हवेत जे बसतं ते पेरावं. आणि तेरड्याला विसरू नये. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणून आपण त्याला हिणवतो, पण गौरीच्या सणाला कुणाच्याही मदतीशिवाय कुंपणालगत तोच उभा असतो. त्याच्याही फुलाला मागं शेपटी आहे, कधी निरखून बघा.

तरीही कुणाला कोलंबाईनचा हट्ट असेलच, तर नाही म्हणणार नाही. ताजं बी घ्या, फ्रिजमध्ये चार आठवडे ठेवा, वर माती घालू नका, महिनाभर धीर धरा. पानं बघायला मिळतील, आणि तीही सुंदर असतात. कमी थंडीत फुलणाऱ्या संकरित जाती आता निघाल्या आहेत, पण त्यांचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर तेच फूल येईल असं नाही. आणखी एक. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी पत्राच्या पाकिटातून बी मागवू नये. २००३ च्या आदेशानुसार परदेशातून बियाणं आणायला परवाना आणि रोग-कीड नसल्याचा दाखला लागतो. हा नुसता सरकारी त्रास नाही. आपल्या माळावर पसरलेलं गाजर गवत परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात. १९५० च्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि आज कुठलं गाव त्यातून सुटलंय?

राहता राहिली अक्का. घर विकलेलं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये, कलौंजीची बोंडं काढून झाल्यावर, ती आपण होऊन पुण्याला गेली. ऊन संपेपर्यंत तिथं राहिली, नातवाचा अभ्यास घेतला, सुनेला लोणचं शिकवलं, आणि पाऊस लागल्यावर बऱ्हाणपूरला परतली. भाचा अजून "कायमची ये" म्हणतो. अक्का "बघू" म्हणते. आम्ही कुणी मधे बोलत नाही. मात्र आता तिला एखादी गोष्ट अर्धी सांगायची नाही, एवढं मी ठरवलंय.

परवा तिच्याकडून टपालानं एक लिफाफा आला. आत दाजींनी आणलेलं तेच कोलंबाईनचं पाकीट, वरची कड नीट दुमडून टाचणी लावलेली. हलवलं तर आत बी वाजलं. मी चक्रावून फोन केला.

"कलौंजी आहे ती," अक्का म्हणाली. "पाकीट रिकामं होतं, टाकवेना. वरच्या चित्रावर जाऊ नको. पेर आणि बघ."

पेरली आहे. निपाणीच्या भगिनींनी पत्ता कळवला तर चिमूटभर त्यांनाही पाठवीन. पाकीट तेवढं माझ्याकडं राहील.